एकच कोठार नको, पेठा वसवा

मध्यंतरी एका बैठकीत भिंतीवर पडलेलं चित्र मी गेल्या वीस वर्षांत इतक्या वेळा पाहिलंय की डोळे मिटून काढून दाखवीन. वर ढग. ढगाखाली लोड बॅलन्सरचा आडवा चौकोन. त्याखाली सहा सर्व्हर, गणवेशातल्या पोरांसारखे एका रंगाचे. आणि सहाही बाण खाली उतरून जिथे मिळतात तिथे एक गलेलठ्ठ नळकांडं, त्यावर लिहिलेलं : सामायिक स्टोरेज. पन्नास हजार माणसांच्या मेलची सोय करायची होती. सल्लागार म्हणाले, ‘कोणताही वापरकर्ता, कोणताही सर्व्हर. एक पडला तर उरलेले पाच आहेतच.’ टेबलाभोवतीच्या माना हलल्या. निविदेच्या मसुद्यातही हे वाक्य जवळजवळ जसंच्या तसं उतरलं होतं.

माझं म्हणणं असं की मेलच्या बाबतीत हे वाक्य चुकीचं आहे, आणि ते जितक्या मोठ्या संख्येला लावाल तितकं जास्त चुकीचं होत जातं. पन्नास हजार लोकांची मेल चालवायची तर त्यांना एका कोठारात कोंबायचं नसतं. त्यांच्या पेठा पाडायच्या असतात. प्रत्येक पेठेचा आपला सर्व्हर, आपली डिस्क, आपला बॅकअप. एका पेठेत आग लागली तर बाकीच्या पेठांना वासही जाता कामा नये.

सल्लागारांचं वाक्य आलं कुठून ते आधी पाहू, कारण ते मूर्खपणातून आलेलं नाही. ते वेबसाइटच्या धंद्यातून आलंय. बातम्यांची साइट चालवताना पान दाखवणाऱ्या सर्व्हरकडे स्वतःचं असं काही नसतं. तो पडला तर शेजारचा तेच पान दाखवतो, वाचकाला पत्ताही लागत नाही. तिथे ‘कोणीही, कुठेही’ अगदी योग्य आहे. मेलचं उलटं आहे. मेलमध्ये दाखवण्याचं काम चिमूटभर आणि सांभाळण्याचं काम खंडीभर. कोणती मेल वाचली, कोणती पुसली, कोणत्या फोल्डरात टाकली, कुणाला उत्तर दिलं, हे सगळं प्रत्येक माणसागणिक वेगळं आणि मिनिटामिनिटाला बदलणारं.

पण मेलमध्ये एक सोयही दडलेली आहे आणि ती सल्लागारांच्या नजरेतून निसटते. रेल्वेचं आरक्षण घ्या. तत्काळची खिडकी उघडली की एका बर्थवर हजार जण तुटून पडतात; तो बर्थ कुणाला गेला याचं उत्तर साऱ्या देशासाठी एकच असावं लागतं. तिथे सगळ्यांनी एका वहीत लिहिण्याला पर्याय नाही. माझ्या इनबॉक्सवर मात्र हक्क सांगणारा जगात मी एकटा. तुमच्या मेलबॉक्सला माझ्या मेलबॉक्सचं तोंडही पाहायचं नसतं. पन्नास हजार मेलबॉक्स म्हणजे पन्नास हजार वेगवेगळी घरं. निसर्गतः इतकं सुटं सुटं असलेलं काम संगणकाच्या धंद्यात विरळा मिळतं. ते मिळालेलं असताना आपण काय करतो? सगळ्यांच्या भिंती पाडून एक वाडा बांधतो, आणि मग वाड्याला आग लागू नये म्हणून कोट्यवधी रुपये खर्च करतो.

‘पण एकाच मेलबॉक्सला दोन सर्व्हरांनी हात लावता येतो, मेलडिरमध्ये तशी सोयच आहे,’ असं मला त्या बैठकीत ऐकवण्यात आलं. या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण अर्धं खरं असलेलं विधान पूर्ण खोट्यापेक्षा जास्त नुकसान करतं. पूर्वी युनिक्सवर एका माणसाची सगळी मेल एका लांबलचक फाइलीत असायची. नवी मेल आली की त्या फाइलीला कुलूप, शेवटी मजकूर जोडा, कुलूप काढा. नेटवर्कवरच्या डिस्कवर ही कुलपं भरवशाची नसत आणि फाइली बिघडत. डॅनियल बर्नस्टाइन यांनी नव्वदच्या दशकात क्यूमेल हा मेल सर्व्हर लिहिताना मेलडिरची युक्ती काढली : प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल, प्रत्येक फाइलीचं जगावेगळं नाव. आधी ‘टीएमपी’ नावाच्या फोल्डरात पूर्ण लिहायची, मग ‘न्यू’मध्ये सरकवायची, मेल वाचणाऱ्या प्रोग्रामच्या नजरेस पडली की ‘कर’मध्ये. कुलूपच नको. एनएफएसवरही, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कवरही, चालेल. युक्ती देखणी आहे आणि मेल टाकण्यापुरती ती अजूनही खणखणीत चालते.

मेल वाचण्याचं काय? आयमॅप या नियमावलीनुसार फोल्डरातल्या प्रत्येक मेलला एक क्रमांक लागतो, यूआयडी. तो चढताच असला पाहिजे आणि एकदा दिला की पुन्हा दुसऱ्या मेलला देता येत नाही. तुमचा फोन त्या क्रमांकांवर विसंबून आपल्याकडे नक्कल ठेवतो. शिवाय चाळीस हजार फाइलींचा फोल्डर दर वेळी चाळायचा तर दिवस जाईल, म्हणून सर्व्हर सूची ठेवतो. म्हणजे फाइली सुट्या झाल्या, पण सूची पुन्हा एकच, आणि तिला कुलूप आलंच. आता दोन सर्व्हर एनएफएसवरून एकाच सूचीत लिहायला लागले आणि प्रत्येकाकडे काही सेकंदांपूर्वीची शिळी माहिती असली, तर सूची बिघडायला किती वेळ लागेल? ज्यांनी ‘माझी कालची वाचलेली मेल आज पुन्हा न वाचलेली कशी दिसते?’ असे फोन घेतलेत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

टिमो सिराइनेन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डवकॉटवर आज जगातले असंख्य आयमॅप सर्व्हर चालतात. त्याच्या माहितीपत्रकात वर्षानुवर्षं एकच कळकळीची सूचना होती : एनएफएस वापरायचंच असेल तर एका वापरकर्त्याला एका वेळी एकाच सर्व्हरकडे पाठवा. तेवढ्यासाठी २०१० च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘डिरेक्टर’ नावाचा दरवान आणला गेला. त्याचं काम काय, तर येणाऱ्या प्रत्येकाला ‘तू तिसऱ्या सर्व्हरवर जा, कारण तुझा फोन आत्ता तिथे बसलाय’ असं सांगणं. म्हणजे ‘कोणताही वापरकर्ता, कोणताही सर्व्हर’ असं चित्र काढायचं आणि मग ते प्रत्यक्षात घडू नये म्हणून एक पहारेकरी नेमायचा. मग पेठाच का नको होत्या? डवकॉटच्या २.४ आवृत्तीतून हा डिरेक्टर काढूनही टाकला आहे. आमच्या निविदेत तो अजून ‘अनिवार्य वैशिष्ट्य’ म्हणून विराजमान आहे.

हे झालं फुकटच्या सॉफ्टवेअरचं. ‘आम्ही एंटरप्राइज घेऊ,’ असं म्हणणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजचा इतिहास सांगतो. तिथे हेच नळकांडं होतं, फक्त महाग. दोन सर्व्हर, एक सामायिक स्टोरेज, एक पडला की दुसरा तोच डेटाबेस उचलणार. एक्स्चेंज २००७ मध्ये हा प्रकार होता, पण त्याच्या शेजारीच, प्रत्येकाच्या स्वतंत्र डिस्कवर प्रती ठेवण्याची नवी पद्धतही दिली होती. २०१० च्या आवृत्तीत सामायिक स्टोरेजचा क्लस्टर काढूनच टाकला. तिथून पुढे प्रत्येक सर्व्हरला आपल्या डिस्का, आणि डेटाबेसच्या प्रती एकमेकांकडे पाठवायच्या. नंतर तर रेडशिवाय साध्या डिस्का लावा, असा सल्ला खुद्द कंपनी द्यायला लागली. ज्यांनी ते नळकांडं वर्षानुवर्षं विकलं त्यांनीच ते टाकून दिलं, आणि आम्ही ते २०२० नंतरच्या निविदांत ‘अत्याधुनिक’ म्हणून मागतोय.

नळकांडं जन्माला आलं त्याला एक रास्त कारण होतं, ते नाकारत नाही. फिरत्या डिस्कची गत पाहा. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्यात डोकं सरकायचे आठ-नऊ मिलिसेकंद धरा. एका कामाला बारा-तेरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम पाऊणशे-ऐंशी कामं. मेल म्हणजे हजारो छोट्या, विखुरलेल्या नोंदी, म्हणून तिला डिस्कची जागा पुरायची पण फेरे पुरायचे नाहीत. त्या काळी शंभर-दोनशे डिस्का एका पेटीत घालून त्यांचे फेरे सगळ्यांत वाटण्याला अर्थ होता. आज एक साधी एसएसडी सेकंदाला हजारोंनी कामं उरकते. ज्या टंचाईमुळे सामायिक पेटी लागत होती ती टंचाई गेली, आणि पेटी तेवढी उरली.

आता तो हिशेब करू, जो त्या बैठकीत कुणी केला नाही. माणशी दहा जीबी धरली तर पन्नास हजारांची मेल ५०० टीबी होते. फाइलसिस्टिम बिघडली, सगळं बॅकअपवरून परत आणायचंय. दहा गिगाबिटची तार पूर्ण वेगाने, एक क्षणही न अडखळता चालली, तरी चार लाख सेकंद लागतात. साडेचार दिवसांहून जास्त. कोट्यवधी बारीक फाइलींच्या बाबतीत तार पूर्ण वेगाने चालणं हे स्वप्नरंजन आहे, तेव्हा आठवडा धरा, दोन धरा. याच लोकांना दोन-दोन हजारांच्या पंचवीस पेठांत ठेवलं तर एका पेठेची मेल २० टीबी. त्याच तारेवर सोळा हजार सेकंद, म्हणजे साडेचार तासांच्या आत. तार अडखळली तरी रात्रीत काम होतं. आणि त्या रात्री बाकीचे अठ्ठेचाळीस हजार लोक निवांत मेल वाचत असतात. परत आणायला लागणारा वेळ हाच मेलच्या रचनेतला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे असं माझं मत आहे, आणि सादरीकरणाच्या एकाही स्लाइडवर तो नसतो.

‘इतकं सगळं बिघडेलच कशाला? स्टोरेजला दोन कंट्रोलर असतात.’ असतात. मी पूर्वी जिथे काम करायचो तिथेही होते. एका रात्री पहिला बसला, दुसऱ्याने शिस्तीत कारभार हाती घेतला, आणि ज्या चुकीच्या फर्मवेअरमुळे पहिला बसला होता तेच दुसऱ्यातही असल्यामुळे सात मिनिटांनी तोही बसला. दोन दिवस सगळी संस्था बिनमेलची. शिपायांनी कागदी परिपत्रकं फिरवली, आणि एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी ‘असं अधूनमधून होत जावं’ असा शेराही मारला. दुसरा कंट्रोलर हा पहिल्याचा जुळा भाऊ असतो, त्याला पहिल्याचेच आजार होतात.

इथे विरोधक आपला हुकमी एक्का काढतात : गूगल. ‘जीमेल बघा, कुठल्याही डेटासेंटरमधून कुणाचीही मेल उघडते.’ बघूच. १ सप्टेंबर २००९ ला जीमेलचं वेबमेल सुमारे शंभर मिनिटं बंद पडलं. गूगलने स्वतः दिलेलं कारण असं : नेहमीच्या दुरुस्तीसाठी थोडे सर्व्हर बाजूला काढले होते, त्याच सुमारास केलेल्या काही बदलांमुळे, आणि हे बदल सेवा अधिक भक्कम व्हावी म्हणूनच केलेले होते, विनंत्या योग्य ठिकाणी पाठवणाऱ्या राउटरांवर अंदाजापेक्षा जास्त भार आला. काही राउटर थकले, त्यांनी हात वर केले, त्यांचा भार उरलेल्यांवर पडला, तेही थकले. काही मिनिटांत जवळजवळ सगळे आडवे. ‘एक पडला तर उरलेले पाच आहेतच’ या वाक्याचा हा दुसरा अर्थ आहे. उरलेले पाच आहेत, म्हणूनच पडणाऱ्याचं ओझं त्यांच्या डोक्यावर जातं. आणि त्या शंभर मिनिटांत आयमॅप आणि पॉपने मेल वाचणाऱ्यांचं मात्र काही अडलं नाही, कारण त्यांची वाट त्या राउटरांवरून जात नव्हती. ती वेगळी पेठ होती.

२०११ च्या फेब्रुवारीतली दुसरी गोष्ट तर मला अधिक बोलकी वाटते. काही जीमेलधारकांनी रविवारी मेलबॉक्स उघडला तर तो रिकामा. स्टोरेजच्या सॉफ्टवेअरच्या एका अपडेटमध्ये दोष होता. प्रती अनेक होत्या, अनेक डेटासेंटरांत होत्या. दोष एकाच वेळी अनेक प्रतींना नडला. शेवटी मेल परत आणली ती टेपवरून, कारण टेप कपाटात होती आणि कपाटातल्या वस्तूला अपडेट लागत नाही. मात्र फटका किती जणांना बसला? ०.०२ टक्के वापरकर्त्यांना. नवं सॉफ्टवेअर एकदम साऱ्या जगावर सोडलेलं नव्हतं म्हणून आकडा एवढ्यावर थांबला. म्हणजे ज्यांचं उदाहरण माझ्या तोंडावर फेकलं जातं ते गूगलही बाहेरून एक दिसतं, आतून तुकड्यातुकड्यांनी चालतं.

प्रतींवरच्या भाबड्या श्रद्धेचा आणखी एक नमुना १ जानेवारी २०२२ चा. एक्स्चेंजमधल्या व्हायरस तपासणाऱ्या भागाने त्या दिवशीच्या तारखेवरून आवृत्तीचा क्रमांक केला : २२०१०१०००१. जिथे तो ठेवायचा होता तिथे २१४७४८३६४७ च्या पुढचा आकडा मावत नाही. तपासनीस कोसळला आणि जगभरच्या संस्थांच्या आपापल्या एक्स्चेंज सर्व्हरांवर नव्या वर्षाच्या पहिल्या रात्री मेल रांगेत अडकून पडली. ज्यांच्याकडे एक सर्व्हर होता त्यांचा एक अडकला, ज्यांच्याकडे सोळा होते त्यांचे सोळा. इथे माझ्या पेठांनीही काही साधलं नसतं, हे कबूल करतो. सगळ्या पेठांत एकच सॉफ्टवेअर असेल तर अशी चूक सगळ्यांना एकदम गाठते. निदान अपडेट तरी पेठेगणिक, दिवसाच्या अंतराने, असा दंडक पाळता येतो. नळकांड्याला अपडेट द्यायचा तर पन्नास हजारांना एकदमच द्यावा लागतो.

त्या रात्री मेल अडकली, बुडाली मात्र नाही, आणि त्याचं श्रेय क्लस्टरला नाही. ते १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या एसएमटीपीच्या घडणीला आहे. पाठवणारा सर्व्हर समोरून पोच मिळेपर्यंत मेल आपल्याकडे धरून ठेवतो, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. आजचा नियम, आरएफसी ५३२१, सांगतो की हार मानण्याआधी किमान चार-पाच दिवस तरी वाट पाहा. म्हणजे आपला सर्व्हर दोन तास बंद असला तर येणारी मेल जगभरच्या रांगांमध्ये सुखरूप बसलेली असते. इतकं सहनशील काम असताना आपण ‘एक सेकंदही खंड नको’ म्हणून आपोआप फेलओव्हर करणारी, म्हणजे एक सर्व्हर पडताच दुसऱ्याला मालक करणारी, यंत्रं लावतो. ती यंत्रं कधीतरी दोन सर्व्हरांमधली तार तुटली की दोघांनाही ‘मीच मालक’ असं सांगून मोकळी होतात. मग दोन्हीकडे नव्या मेल येतात, दोन्हीकडे एकच यूआयडी दोन वेगळ्या मेलना मिळतो, आणि तार जुळल्यावर कुणाची वही खरी हे ठरवायला बसावं लागतं. उशिरा पोचलेली मेल आणि हरवलेली मेल यांत निवड करायची तर मी उशीर निवडीन. पेठेची प्रत शेजारच्या सर्व्हरवर सतत तयार असावी, पण मालकी बदलायचं बटण माणसाने दाबावं. ‘हल्ली बँकेचे ओटीपीही मेलवर येतात’ हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच त्या माणसाच्या उशाशी रात्री फोन असावा.

मग पेठांची रचना करायची कशी? यात नवं काही नाही. आपल्या टपाल खात्याने हे १९७२ साली केलं. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवी असलेल्या अधिकाऱ्याच्या कल्पनेतून १५ ऑगस्टला पिन कोड आला : पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. सदाशिव पेठेतलं पत्र देशातल्या कुठल्याही टपाल कार्यालयाने वाटावं, असं वेलणकरांनी म्हटलं नाही. ते कुठेही टाकता यावं आणि कुठे वाटायचं ते सहा आकड्यांवरून कळावं, एवढंच म्हटलं. टाकायला सगळे दरवाजे उघडे, वाटायला एकच पोस्टमन.

मेलमध्ये तसंच. दर्शनी रांगेत तुम्हाला हवे तितके सर्व्हर लावा : बाहेरची मेल घेणारे, स्पॅम गाळणारे, लॉगिन घेऊन पुढे सोडणारे प्रॉक्सी. त्यांच्याकडे स्वतःचं काही नाही, तेव्हा तिथे सल्लागारांचं चित्र शंभर टक्के बरोबर आहे, आणि वरचा अर्धा भाग मी त्यांच्या नावे लिहून द्यायला तयार आहे. प्रॉक्सी काय करतो, तर एका तक्त्यात पाहतो की हा माणूस सतराव्या पेठेतला, आणि जोडणी तिकडे लावून देतो. कार्नेगी मेलन विद्यापीठाने आपल्या सायरस सर्व्हरसाठी ही रचना फार पूर्वीच केली : पुढे प्रॉक्सी, मागे स्वतंत्र सर्व्हर, मध्ये कोणता मेलबॉक्स कुठे हे सांगणारी वही. नाव ठेवलं ‘मर्डर’, कारण इंग्रजीत कावळ्यांच्या थव्याला तसं म्हणतात. (हे नाव निविदेत लिहिलं असतं तर फाइल वित्त विभागाऐवजी गृह विभागाकडे गेली असती.) मेलबर्नच्या फास्टमेलने तेच सायरस घेऊन एका यंत्रावर एक मोठा सर्व्हर न बसवता अनेक छोटे बसवले, आणि त्यांच्या जोड्या इतर वेगवेगळ्या यंत्रांवर विखरून ठेवल्या. त्यामुळे एक यंत्र गेलं की त्याचं ओझं एकट्या शेजाऱ्यावर पडत नाही, अनेकांत थोडं थोडं वाटलं जातं. २००९ च्या त्या दुपारी जीमेलच्या राउटरांना नेमकं हेच जमलं नव्हतं.

‘पण मग तो तक्ताच तुमचं नळकांडं झाला!’ हा आक्षेप हुशार माणसं घेतात, म्हणून उत्तर देतो. पन्नास हजारांऐवजी एक लाख माणसांच्या तक्त्याला माणशी शंभर अक्षरं धरली तर दहा एमबी होतात, फोनमधल्या दोन-तीन फोटोंएवढे. तो क्वचित बदलतो. त्याची प्रत प्रत्येक प्रॉक्सीवर ठेवा. मूळ तक्ता दिवसभर बंद राहिला तरी फक्त नव्या माणसाचं खातं उघडणं अडेल. ५०० टीबीचं कोठार आणि दहा एमबीची वही यांना एकाच तागडीत तोलणं हा युक्तिवाद नव्हे. काही जण तक्ताही नको म्हणतात : नावावरून गणित करा, उत्तर येईल ती पेठ. मला ते पटत नाही. गणिताने ठरवलेल्या पेठेतून माणूस हलवता येत नाही, आणि हलवावा लागतोच. दर पेठेत एखादे असे गृहस्थ निघतात ज्यांनी २००६ पासून एकही मेल पुसलेली नसते.

माझ्या बाजूचं खरं दुखणं वेगळंच आहे आणि ते विरोधकांनी अजून काढलेलं नाही, म्हणून मीच काढतो. चित्रात पेठा पाडल्या तरी न दिसणाऱ्या गोष्टी सामायिकच राहतात. लॉगिन तपासणारी निर्देशिका एक असते. ती बसली की पंचवीसही पेठांना कुलूप. वेबमेल तर याबाबतीत भलतंच लबाड आहे. राउंडक्यूबसारखं वेबमेल पानाच्या प्रत्येक क्लिकला नवी आयमॅप जोडणी उघडतं, लॉगिन करतं, चार ओळी आणतं आणि जोडणी तोडतं. सकाळी दहाला तीन हजार माणसं क्लिक करायला लागली की निर्देशिकेला वाटतं आपल्यावर हल्लाच झाला. त्यावर जोडण्या काही मिनिटं उघड्या धरणारा छोटा प्रॉक्सी लावला की निम्मं दुखणं जातं. पण त्याच वेबमेलचे पत्ते, आवडीनिवडी आणि चालू सत्रं एका मायएसक्यूएलमध्ये असतात, आणि तो मायएसक्यूएल कोणत्याच नकाशावर नसतो. मी अशी जागा पाहिली आहे जिथे मेलच्या पेठा व्यवस्थित पाडल्या होत्या आणि वेबमेलचा डेटाबेस कुणाच्या तरी टेबलाखालच्या जुन्या यंत्रावर होता. तो डेटाबेसही पेठेगणिक हवा. निर्देशिकेची फक्त वाचायची प्रत पेठेगणिक हवी. हे करायला कष्ट पडतात. पंचवीस सर्व्हर हातांनी सांभाळता येत नाहीत, सगळी मांडणी लिहून ठेवून यंत्राकडून करून घ्यावी लागते. ज्यांना ती शिस्त नको त्यांनी पेठांच्या नादी लागू नये, हे मी मोकळेपणाने सांगतो. सामायिक फोल्डरांचंही तसंच : दोन पेठांतल्या माणसांना एक फोल्डर वापरायचा असेल तर रचना कुरकुरते. उपाय साधा आहे, एका खात्याची माणसं एका पेठेत ठेवा. त्याने सगळे प्रश्न सुटत नाहीत, बहुतेक सुटतात.

आणखी एक गोष्ट वरिष्ठांना पचायला जड जाते. पेठांच्या रचनेत बिघाड जास्त वेळा होतात. एका कोठाराऐवजी पंचवीस यंत्रं म्हटल्यावर वर्षात काहीतरी दहा-पंधरा वेळा मोडणारच. प्रत्येक वेळी चार टक्के लोकांची मेल थांबेल. कोठार कदाचित दोन वर्षांत एकदाच पडेल, पण पडेल तेव्हा शंभर टक्के. वैतागलेल्या माणसांचे तास मोजले तर पेठा जिंकतात. वार्षिक अहवालातल्या बिघाडांच्या ओळी मोजल्या तर कोठार जिंकतं. अहवाल लिहिणाऱ्यांना कोठार का आवडतं ते यावरून ओळखावं.

शेवटी उरतात ते म्हणणारे, ‘हे सगळं सोडा, बाहेर देऊन टाका.’ दोन-चारशे माणसांच्या संस्थेला मी स्वतः तेच सांगतो. केंद्र सरकारनेही आपल्या लाखो कर्मचाऱ्यांची मेल झोहोच्या यंत्रणेवर नेली आहे. पण बाहेर दिल्याने प्रश्न संपत नाही, दुसऱ्याच्या दारात जातो. डिसेंबर २०२२ मध्ये रॅकस्पेस या अमेरिकी कंपनीच्या एक्स्चेंज सेवेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. कंपनीने ती सेवा पुन्हा उभी केलीच नाही; ग्राहकांना मायक्रोसॉफ्टकडे हलवलं. त्या ग्राहकांतही कुणाला आपली मेल कुणासोबत एका कोठारात आहे हे आधी विचारायचं सुचलं असेल, असं वाटत नाही.

त्या बैठकीनंतर मसुदा माझ्याकडे अभिप्रायासाठी आला. ‘कोणताही वापरकर्ता, कोणताही सर्व्हर’ ही ओळ मी खोडली आणि खाली दोन रकाने आखले. पहिला : कोणतंही एक यंत्र, एक पेटी किंवा एक अपडेट बिघडल्यास किती टक्के वापरकर्त्यांची मेल बंद पडेल. दुसरा : त्यांची मेल बॅकअपवरून परत यायला किती तास लागतील, आणि ते स्वीकृतीच्या चाचणीत करून दाखवाल का. तीन कंपन्यांकडून उत्तरं आली. दोघींनी पहिल्या रकान्यात ‘शून्य’ लिहिलं आणि दुसरा कोरा सोडला. तिसरीने पहिल्यात ‘सहा’ आणि दुसऱ्यात ‘नऊ’ लिहिलं. तिसरीची निविदा ‘शून्य खंड’ ही अट पूर्ण करत नाही, म्हणून छाननीत बाद करावी असं टिपण आता माझ्या टेबलावर सहीसाठी आलं आहे.